नववी-दहावीचं विज्ञान शिकवताना आपलं विषयज्ञान शिळं होऊ नये म्हणून नेमकं काय करता?

खडू_फळा (प्रश्न)

मराठी माध्यम, राज्य मंडळ, इयत्ता आठवी ते दहावी. पदवी रसायनशास्त्राची, पण भाग १ आणि भाग २ दोन्ही माझ्याकडेच, म्हणजे गुरुत्वाकर्षणापासून आनुवंशिकतेपर्यंत सगळं. नव्या शैक्षणिक धोरणातले वर्षाला ५० तास कागदावर भरतात, पण त्या प्रशिक्षणांत भर अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि ॲपवर. विषयाला हात लागत नाही.

विचारायचं आहे ते असं:
पुस्तकातलं काय जुनं झालंय हे ओळखायचं कसं? नववीचं पुस्तक २०१७ चं, आठवी-दहावीची २०१८ ची.
आठवड्याला जेमतेम एक तास मिळतो. तो कशावर घालवावा?
इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. मराठीत भरवशाचं काय आहे?

‘रोज वर्तमानपत्र वाचा, यूट्यूब बघा’ हे कृपया नको.

प्रयोगवही

सर (की मॅडम?), तुमच्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर आहे. तो एक तास बातम्यांवर घालवू नका, पुस्तकावर घाला. महिन्याला एक धडा घ्या आणि लाल पेन घेऊन वाक्यावाक्याने तपासा. वहीत पाच रकाने पुरतात: पान, वाक्य, शंका, कुठे पडताळलं, तारीख. तारखेचा रकाना फालतू वाटतो, पण दोन वर्षांनी तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

शंका आलेली वाक्यं तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग, जगात खरंच काहीतरी बदललं. दुसरा, आधीपासूनच चूक होती आणि आपण ती पुढे ढकलत आलो. तिसरा, माहिती तीच पण मांडणीची चौकट बदलली. तिघांना वेगवेगळं औषध लागतं.

पहिल्या ढिगातलं ठळक उदाहरण एककांचं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर अवलंबून नाही. प्लांकच्या स्थिरांकाला ६.६२६०७०१५ × १० चा उणे ३४ वा घात जूल-सेकंद ही अचूक किंमत ठरवून दिली आणि किलोग्रॅम तिच्यावरून काढला. अँपिअर, केल्व्हिन आणि मोल यांच्या व्याख्याही त्याच दिवशी बदलल्या. २०१७-१८ च्या पुस्तकांत हे असणं शक्यच नव्हतं, त्यात कुणाचा दोष नाही.

यातला मोल नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ला थेट भिडतो. पूर्वी ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण’ ही व्याख्या होती आणि ॲव्होगॅड्रो अंक मोजून काढावा लागे. आता उलटं आहे. ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात एवढे कण म्हणजे एक मोल, ही संख्या अचूक मानलेली. मोजावं लागतं ते कार्बन-१२ चं मोलर वस्तुमान, आणि ते १२ ग्रॅमच्या इतकं जवळ आहे की शाळेतलं एकही गणित बदलत नाही. मुलांना एवढंच सांगायचं: गणितं तीच, पण ‘१२ ग्रॅम कार्बन’ ही आता व्याख्या नाही.

‘अवकाश मोहिमा’ हा धडा तर दर जूनला हातात घ्यावाच लागतो. मंगळयानाशी संपर्क २०२२ मध्ये संपला. चंद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला ठरलेल्या जागी पोचलं. नवीन माहिती घालताना नवीन चूक घालू नका, हेही महत्त्वाचं. ‘चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते उतरलं सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर. चंद्राची त्रिज्या १७३७ किमी, म्हणजे एक अंश अक्षांश सुमारे ३०.३ किमी. ध्रुव तिथून अंदाजे ६२५ किमी लांब. हे गणित वर्गात करून घ्या, दहा मिनिटांत होतं आणि ‘ध्रुवाजवळचा प्रदेश’ हे शब्द का वापरायचे ते मुलांना कळतं.

तिसऱ्या ढिगाचं उदाहरण आठवीचं सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण. व्हिटाकर यांची पाच सृष्टींची पद्धत १९६९ ची. १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून दाखवलं की मोनेरात टाकलेल्या जीवांत दोन अगदी वेगळे गट आहेत, जिवाणू आणि आर्किया. १९९० मध्ये तीन अधिक्षेत्रांची मांडणी आली. आर्कियांचं नातं जिवाणूंपेक्षा आपल्याशी, म्हणजे दृश्यकेंद्रकींशी, जवळचं निघालं. इथे पाच सृष्टी ‘चूक’ म्हणून फेकायच्या नाहीत. निकष बदलला की खाती बदलतात, हे दाखवायचं. आधी दिसणं आणि पोषण, नंतर रेणूंचा क्रम.

आणि ज्या संख्या दरवर्षी बदलतात त्या पाठ करून घेऊ नका. शनीचे उपग्रह १४६ म्हणून तक्त्यावर रंगवले की तक्ता पुढच्या वर्षी रद्दी.

दुर्बीण

प्रयोगवही, तुमचा तक्ता रद्दी झालासुद्धा 🙂 मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. त्यातले बहुतेक काही किलोमीटर आकाराचे, वेड्यावाकड्या कक्षांत फिरणारे दगड आहेत. म्हणून ‘किती’ऐवजी ‘उपग्रह म्हणायचं कशाला’ हा प्रश्न वर्गात जास्त चालतो.

प्रयोगवही

मान्य. वहीतली तारीख २०२३ ची होती. तारखेच्या रकान्याचा उपयोग तो हाच.

पेशीकेंद्रक

जीवशास्त्राच्या बाजूने लिहिते. इथे पहिल्या ढिगापेक्षा दुसरा ढीग मोठा आहे. जिभेचा नकाशा (टोकाला गोड, मागे कडू) अजून तक्त्यांवर दिसतो. चवीचे ग्राही जिभेच्या सगळ्याच चवकलिकांत असतात आणि ‘उमामी’ ही पाचवी चव मान्य होऊनही बरीच वर्षं झाली. ‘शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू’ हेही असंच चिकटलेलं वाक्य. २०१६ मध्ये पुन्हा मोजदाद झाली तेव्हा ७० किलोच्या माणसासाठी अंदाज आला तो जिवाणू ३८ लाख कोटी आणि पेशी ३० लाख कोटी. जवळपास बरोबरीच.

पण आकडा बदलून मोकळं होणं म्हणजे ज्ञान ताजं करणं नव्हे, तो का बदलला हे कळलं पाहिजे. एटीपीचं, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं, उदाहरण घेते, कारण त्यात रसायनवाल्यांनाही मजा आहे.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी हा हिशोब वर्षानुवर्षे छापला गेला. त्यात प्रत्येक एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-२ मागे २ एटीपी धरलेले असतात (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू). हे पूर्णांक गृहीत धरलेले होते. इलेक्ट्रॉन वहन साखळीत प्रत्यक्षात एटीपी थेट बनत नाही. आधी तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलले जातात आणि ते परत आत येताना एटीपी बनतो. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन, एफएडीएच-२ मागे ६. एक एटीपी बनवून वापरण्याजोगा करायला सुमारे ४ प्रोटॉन लागतात, त्यात फॉस्फेट आत आणण्याचा खर्चही आला. म्हणून १० भागिले ४ = २.५ आणि ६ भागिले ४ = १.५.

आता बेरीज करा. १० एनएडीएच × २.५ = २५. २ एफएडीएच-२ × १.५ = ३. थेट बनलेले ४ (ग्लायकोलायसिसचे, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्याचे, निव्वळ २, नंतरच्या क्रेब चक्राचे २). एकूण ३२. ग्लायकोलायसिसमधले २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात. त्यांचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत न्यायला काही ऊतींत स्वस्त वाट आहे, काहींत महाग. महाग वाटेने त्या दोघांचेही १.५ च मिळतात, म्हणजे २ एटीपी कमी. म्हणून उत्तर ‘३० ते ३२’ असं येतं. त्यातही पटलातून थोडे प्रोटॉन गळतात, त्यामुळे जिवंत पेशीत आणखी कमी.

हा हिशोब एकदा स्वतः कागदावर मांडलात की कुठलंही पुस्तक कुठलाही आकडा छापो, त्याने काय गृहीत धरलंय ते ओळखता येतं.

खडू_फळा

हे भारी आहे. पण बोर्डाच्या पेपरात ३८ विचारलं तर? मुलाने ३२ लिहिलं आणि तपासणाऱ्याने काट मारली तर जबाबदार मी.

पेशीकेंद्रक

पुस्तकात जे आहे तेच उत्तरपत्रिकेत, यात तडजोड नाही. मुलांचे गुण पणाला लावून आपण क्रांती करू नये. वर्गात फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘पुस्तकातला हिशोब’ आणि शेजारी ‘आजचा हिशोब’ असे दोन रकाने कायमचे आखा. दोन्हीत कशामुळे फरक पडतो ते एका वाक्यात. अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांना पुढे हाच फरक भेटणार आहे.

आणि बालभारतीला लेखी कळवा, पण ‘धडा चुकीचा आहे’ असं मोघम नको. इयत्ता, आवृत्तीचं वर्ष, पान, छापलेलं वाक्य, सुचवलेलं वाक्य, आधार, एवढं एका कागदावर. एका पत्रात एकच मुद्दा. दहा मुद्द्यांचं पत्र बाजूला पडतं.

परीक्षानळी

वरचं सगळं पटलं, पण थोडा वाद घालतो. दहावीपर्यंतच्या विज्ञानात बदलण्यासारखं शंभरातलं पाच-दहाच असेल. ओहमचा नियम, भिंगाचं सूत्र, विस्थापन अभिक्रिया यांत कुठली बातमी येणार? आपलं ज्ञान गंजतं ते प्रयोग न केल्यामुळे. फळ्यावर आकृती काढून ‘निरीक्षण: पाणी वर चढते’ असं लिहीत राहिलं की चुकीचं स्पष्टीकरणही तीस वर्षं टिकतं.

नमुना देतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी चढतं, आणि मास्तर सांगतात: ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढलं. हे तीन ठिकाणी मोडतं.

एक, मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योत टिकायला लागतं तेवढं प्रमाण उरलं नाही, एवढंच.

दोन, मेणाचं समीकरण लिहून बघा. २५ कार्बनचा अल्केन धरला (सी-२५, एच-५२), तर ३८ रेणू ऑक्सिजनमागे २५ रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे गेलेल्या जागेपैकी दोन तृतीयांश तो लगेच भरून काढतो, आणि ताटलीतल्या पाण्यात तो इतक्या चटकन विरघळत नाही. सगळा ऑक्सिजन जळाला असं मानलं तरी घट होईल सुमारे सात टक्के, एकवीस नव्हे.

तीन, वेळ बघा. ऑक्सिजनचं कारण खरं असतं तर मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू चढलं असतं. प्रत्यक्षात बरंचसं चढतं ते ज्योत विझल्यावर, झपाट्याने. कारण ग्लास ठेवतानाच आतली हवा तापून फुगलेली असते, काही कडेने बुडबुडे होऊन निसटते, आणि विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते.

खात्री करायची तर त्याच ग्लासाखाली एकदा एक आणि एकदा तीन मेणबत्त्या ठेवा. ऑक्सिजन दोन्ही वेळा तेवढाच, पण तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. मुलांच्या डोक्यात प्रश्न तिथेच पडतो.

मग एक पंचमांश दाखवायचं कसं? लोखंड गंजवून.

साहित्य: १०० मिलीचा मोजपात्र दंडगोल, बारीक पोलादी लोकर १ ते २ ग्रॅम, व्हिनेगर, पाण्याची परात. लोकर साबणाने किंवा ॲसिटोनने धुऊन तेलकटपणा काढा. मिनिट-दोन मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा, मग पाण्याने नीट खळबळून झटका. ओलसर लोकर मोकळी करून दंडगोलाच्या तळाशी दाबून बसवा, पालथा केला तरी पडता कामा नये. दंडगोल परातीत पालथा घाला, पाण्याची सुरुवातीची पातळी टिपा, एक दिवस ठेवा. पातळी थांबली की वाचन घ्या. आतल्या हवेपैकी सुमारे २१ टक्के जागा पाण्याने घेतलेली असते.

लोखंड कमी पडत नाही. १०० मिली हवेतल्या २१ मिली ऑक्सिजनला फक्त ६४ मिलिग्रॅमच्या आसपास लोखंड पुरतं. जास्त घ्यायचं ते पृष्ठभाग मिळावा म्हणून.

कुठे बिघडतं: व्हिनेगर राहिलं तर लोखंडाशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पाणी कमी चढतं. लोकर कोरडी राहिली तर गंजतच नाही. आणि वाचनं दोन्ही दिवशी एकाच वेळेला घ्या. तीन अंश तापमान बदललं तर हवेचं आकारमान एका टक्क्याने हलतं. आतली-बाहेरची पातळी सारखी करून वाचणं उत्तम, पण नाही जमलं तर चार-पाच सेंटीमीटरच्या फरकाने अर्धा टक्काच चूक येते. तापमान त्याहून जास्त दगा देतं.

म्हणून माझं म्हणणं, तुमच्या महिन्याच्या चार तासांपैकी दोन तास प्रयोगशाळेत घाला. धड्यातला प्रयोग वर्गात दाखवण्याआधी एकट्याने करा आणि आकडे लिहा. टॉर्चच्या बल्बवर ओहमचा नियम पडताळू नका, आलेख वाकतोच. तंतू तापला की त्याचा रोध थंड असतानाच्या सुमारे दहापट होतो. नायक्रोमची किंवा कॉन्स्टंटनची तार घ्या. बल्बचा वाकलेला आलेख नंतर मुद्दाम दाखवा.

दुर्बीण

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो राहूनच गेला.

मराठीत: मराठी विश्वकोश ऑनलाइन आणि मोफत आहे. मूळ संकल्पनांसाठी उत्तम, पण नोंद कुठल्या काळातली ते आधी बघा. सुरुवातीचे खंड १९७० च्या दशकातले आहेत, त्यातली खगोलशास्त्राची आकडेवारी तशीच उचलू नका. ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, ही दोन शाळेच्या वाचनालयात असावीत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. २८ फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शन असतं, ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना जिथे आहेत तिथेच. मुलांना नेताना शिक्षकाने स्वतःचे पाच प्रश्न लिहून न्यावेत. तिथे उत्तर द्यायला प्रत्यक्ष काम करणारी माणसं उभी असतात.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे ‘विज्ञान प्रतिभा’चे घटक आठवी ते दहावीसाठी आहेत, शिक्षकांसाठीच्या टिपांसह. त्याच केंद्राच्या संकेतस्थळावर कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडचे जुने पेपर उत्तरांसह मिळतात. महिन्याला पाच प्रश्न, उत्तर न बघता सोडवायचे. आपल्याला कुठला भाग येत नाही हे याहून लवकर कशानेच कळत नाही. (थोडा अहंकार दुखावतो. दुखावू द्या.)

सावकाश इंग्रजी वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे नोबेलच्या संकेतस्थळावरची पत्रकं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्येक विज्ञान पुरस्काराबरोबर दोन मजकूर येतात, एक सर्वसाधारण वाचकासाठी, आकृत्यांसह काही पानांचा, आणि एक जाणकारांसाठी. पहिलाच घ्या, आणि फक्त धड्याशी जुळणारे घ्या. २०२० चं रसायन (क्रिस्पर, जनुकांत नेमका बदल करण्याचं तंत्र) ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ला, २०१९ चं रसायन (लिथियम-आयन बॅटरी) हरित ऊर्जेला, २०१४ चं भौतिकी (निळा एलईडी) विजेच्या बचतीला. वर्षात तीन पुरतात. त्यानंतर भूक वाढली तर बंगळूरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’, १९९६ पासूनचे अंक मोफत उघडतात. पातळी पदवीची आहे, म्हणून आपल्या विषयापासून सुरू करा.

बातमीबाबत माझा नियम, सहा महिने थांबायचं. जुलै २०२३ मध्ये ‘एलके-९९’ हा खोलीच्या तापमानाला अतिवाहक (विजेला शून्य रोध असलेला) पदार्थ सापडल्याचा दावा आला. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांना तो जमेना, आणि रोध एकदम घटण्यामागे त्यात मिसळलेलं कॉपर सल्फाइड होतं असं दिसून आलं. त्या दोन आठवड्यांत किती शाळांच्या फळ्यांवर ते झळकलं असेल!

चॅटबॉटला विचारत असाल तर संदर्भ मागा आणि दिलेला डीओआय (शोधनिबंधाचा ओळख) क्रमांक स्वतः उघडून बघा. शीर्षक खरं वाटतं, लेखक खरे असतात, पण लेख अस्तित्वातच नसतो, असं होतं.

परिभाषेचं मात्र जपा. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ आणि अणुवस्तुमानांक ३५ किंवा ३७. पहिली समस्थानिकांची सरासरी, दुसरी एका अणूतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजणी. इंग्रजी व्हिडिओ बघून आलेला मुलगा दोन्हींची गल्लत करतो, आणि जुन्या पुस्तकांतला ‘अणुभार’ त्यात भर घालतो. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. वहीत सहावा रकाना करा, शब्दाचा.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. जूनमध्ये ‘अवकाश मोहिमा’ आणि ‘द्रव्याचे मोजमाप’ यांपासून वही सुरू करतो. परीक्षानळी सर, पोलादी लोकर म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी चालेल ना? तालुक्याच्या ठिकाणी दुसरं मिळणं कठीण.

परीक्षानळी

नाही चालणार, बहुतेकांचा प्रयोग तिथेच फसतो. ती चकचकीत घासणी स्टेनलेस स्टीलची असते. क्रोमियममुळे तिच्यावर पातळ ऑक्साइडचा थर बसतो आणि ती गंजत नाही. आठवडाभर ठेवलीत तरी पाणी जागचं हलणार नाही. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात लाकूड घासायला ‘स्टील वूल’ मिळते, तीन किंवा चार शून्यांची घ्या, ती सगळ्यात बारीक. तीही नाही मिळाली तर लेथवर काम करणाऱ्या वर्कशॉपमधून साध्या लोखंडाचा बारीक कीस आणा. तेल असतं, म्हणून दोनदा धुवा. एक दिवसाऐवजी दोन-तीन दिवस लागतील. आणायच्या आधी थोडा कीस ओला करून रात्रभर बशीत ठेवा. सकाळी तांबूस झाला तर कामाचा.